करवतीचा पट्टा आणि मामाची मिशी

चारकोप, कांदिवली (प.)
दि. ४ फेब्रुवारी २०२४

ती. राजाराममामास,
संघमित्राचा सप्रेम जयभीम, वि. वि.

वखारीतल्या आऱ्याच्या, लाकूड कापायच्या मशीनच्या आवाजाने तुझे कान नेले म्हणून पत्र लिहितेय, नाहीतर फोनवरच रडले असते. मामा, माझी वाट लागली आहे. गोवंडीच्या शांताबाईंनी त्यांच्या पोळीभाजी केंद्रासाठी मी बनवलेल्या सुऱ्या घेतल्या होत्या. पहिल्याच दिवशी सुरी लाल भोपळ्यात सरळ गेली आणि वाकडी बाहेर आली. बाई सगळ्या सुऱ्या परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या की पोरी, यांनी फार तर तूप वाढता येईल.

चूक माझीच. भंगारातून लाकूड कापायची गोल पाती आणली होती. करवत म्हणजे कडकच, असं धरून चालले. नव्या पात्यांना कडक दात नुसते डकवलेले असतात, अंग मऊच, हे सुऱ्या परत आल्यावर कळलं.

बाबा म्हणतात, सुऱ्या बनवायला घेतलेला गाळा सोड आणि ऑफिसात परत जा. खूप भांडले तेव्हा त्यांनी सगळं तुझ्यावर टाकलं. राजारामचं आयुष्य वखारीत गेलं, तो हो म्हणाला तर गाळ्याचा करार पुढे चालू, नाहीतर मेअखेर कुलूप. तेव्हा मामा, हो म्हण. आणि खरं पोलाद कुठे मिळेल तेही सांग.

मामीला जयभीम. लोभ आहेच, तो बाबांना पत्र टाकण्याआधी जरा वाढव.

तुझी,
संघमित्रा

•

बोरखेडी, जि. अकोला
दि. १९ फेब्रुवारी २०२४

चि. संघमित्रास,
मामाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवले. मला ऐकू आले नाही, म्हणून मग मीच वाचले.

हो म्हणणार नाही. लाड वेगळे आणि पोलाद वेगळे. मुलुंडच्या वखारीत आमच्या आऱ्यावर जो दातेरी पट्टा फिरायचा तो वीतभर रुंद, अख्खा एकाच कडक पोलादाचा. धार लावून लावून अरुंद झाला की मालक टाकून द्यायचा. तसल्या पट्ट्याची सुरी केलीस तर मी ऐकून घेईन. पण आता ते मुंबईत मिळायचे नाहीत. वखारीच्या जागी टॉवर झाले. टाकलेले पट्टे आम्ही कामगारांनीच गोवंडीला आपल्या वस्तीत नेले, कोणी खुराड्याला लावले, कोणी मोरीच्या आडोशाला. ते कधीच गंजून गेले असतील.

मिळालाच तर पट्ट्याचा कोपरा ग्राइंडरला लावून बघ. मऊ लोखंडाची ठिणगी लांब सरळ जाते, याची फुलबाजीसारखी फुटते.

आणि पैज ऐक. तुझ्या सुरीने माझी मिशी उतरली, तर तुझ्या बाबांना, रतनला, मी स्वतः हो कळवीन. ही मिशी लग्नाआधीची आहे, मामीलाही तिला हात लावू दिलेला नाही. त्यामुळे मला काही घोर नाही.

जेवण वेळेवर करीत जा, आणि मामावर राग धरू नकोस.

तुझा मामा,
राजाराम

•

चारकोप
दि. २१ एप्रिल २०२४

ती. मामास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मिळाला.

तू खुराडी लिहिलीस म्हणून मी गोवंडीत कोंबड्यांमागे फिरले. लोकांना वाटलं मी पालिकेची. दमून आपल्या विहाराच्या पिंपळाखाली बसले, आणि पाठीला कुंपण टोचलं. तेच ते निळं कुंपण, ज्याला दर भीमजयंतीला रंगाचा आणखी एक थर चढतो. लहानपणी त्यावर उड्या मारल्या, पण ते कशाचं आहे हे कधी पाहिलं नाही. खालची माती उकरली तर दात.

शांताबाई चप्पल घेऊनच धावल्या. त्या महिला मंडळाच्याही अध्यक्ष आहेत. मी ग्राइंडर आणून कोपरा लावून दाखवला. मामा, अशी फुलबाजी फुटली की बाईंची चप्पल खाली आली. मग त्यांनी सांगितलं की पोरी, हे कुंपण तुझ्या राजाराममामानेच ठोकलंय, पोरांना लागू नये म्हणून दात मातीत गाडले. आणि तू मला लिहितोस, मुंबईत मिळायचे नाहीत!

सौदा ठरला. मी नवं रेलिंग बसवायचं, पट्टे माझे. पण आधी एका पट्ट्याच्या सुऱ्या करून जयंतीच्या जेवणाचा सगळा भोपळा आणि कांदा त्यांनी कापून दाखवायचा, सगळ्या वस्तीसमोर. पातं तापवून तेलात बुडवल्यावर त्यावरून कानस घसरली, म्हणजे ते कडक झालं, तेव्हा मी गाळ्यात एकटीच नाचले.

जयंतीच्या सकाळी शांताबाईंनी सगळ्यात मोठा भोपळा स्वतः घेतला. सुरी आरपार गेली आणि सरळ बाहेर आली. कांदा संपला, बायका थकल्या, धार नाही थकली. बाईंनी सुरी पुसून कमरेला खोचली आणि केंद्रासाठी पुन्हा तेवढ्याच मागितल्या.

सोबत तुझी सुरी पाठवतेय. पाठीवर दोन दात मुद्दाम ठेवलेत, ओळख पटावी म्हणून. आता मिशी सांभाळ. तिच्यावरही माझा लोभ होता, हे असू दे.

तुझी,
संघमित्रा

•

बोरखेडी
दि. ३ मे २०२४

चि. संघमित्रास,
मामा-मामीचे भरभरून आशीर्वाद. जयभीम.

पार्सल उघडल्याबरोबर पाठीवरचे दात पाहिले आणि ओळखले. माझाच पट्टा. त्याच्याजवळ उभे राहून कान घालवले, तो असा परत हातात येईल असे वाटले नव्हते. मला फार आनंद झाला, पोरी.

साबण लावून ओट्यावर बसलो. आळीतली माणसे बघायला जमली. एका फेरीत डावी बाजू गेली, ओरखडाही नाही. अर्ध्यावर थांबता येत नव्हते, म्हणून उजवीही दिली. नातवंड रडू लागले. मामी म्हणाली की लग्नात हा माणूस दाखवला असता तर विचार केला असता.

रतनला आजच कार्ड टाकले आहे. त्यात एवढेच लिहिले की गाळ्याला कुलूप लावायचे नाही, राजाराम हो म्हणतो. सुरी मामीने ताब्यात घेतली आहे, ती आता मला परत मिळत नाही. दुसरी पाठव.

माया होती तशीच ठेव, चेहरा मात्र नवा ओळखून घे.

तुझा बिनमिशीचा मामा,
राजाराम