वस्ती रिकामी नव्हती

बीड,
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय सोमेश्वरदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. पंडितमामा उद्या तुमच्या टोळीला भेटायला कारखान्यावर निघालेत, त्यांच्याजवळ हे पत्र देतेय. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे आणि वहिनीचं इथं राहिलेलं स्वेटर.

आई बरी आहे. डाव्या हातानं स्वतः जेवते. उजवा हात अजून उचलत नाही, पण काठी आणि माझा खांदा धरून दारापर्यंत येते. बोलणं निम्मं कळतं. काल खालच्या फळवाल्या मदिनाबी चाची पपई घेऊन आल्या होत्या. त्यांना आईचं काय कळलं कुणास ठाऊक, दोघी अर्धा तास हसत होत्या. आपल्या शेळ्या वस्तीवर शेजारच्या म्हाळूकाकांकडेच आहेत. एक व्याली, दोन करडं झाली.

रोज फोन होतो तर पत्र काहून लिहिलं, म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला हे बोलता येत नाही. दोन महिने झाले.

परवा वहिनीनं सांगितलं की तू आईला दिलेल्या जुन्या फोनचा विषय निघाला, की काम टाकून उसात जाऊन बसतोस. "बॅटरी गेलेला फोन आईच्या गळ्यात मारला, मीच तिला लुळं केलं," असं म्हणतोस. दादा, तो फोन चांगला होता. त्या दिवशी त्यात अर्ध्याहून जास्त चार्जिंग होतं. बॅटरी उतरली होती हे मी तुला खोटं सांगितलं.

माझं ऑफिसातलं काम तुला 'टॉवरचं कंप्युटर' एवढंच माहीत आहे. यंदाच्या हंगामापासून आमच्या भागातले टॉवर एआय चालवतं. कुठं, कोणत्या वेळी किती फोन चालू असतात हे ते रोज बघतं, त्यातून शिकतं, आणि जिथं वापर नाही तिथं टॉवरचा तेवढा भाग काही तास झोपवतं. वीज वाचते. तेवढा वेळ शेजारच्या टॉवरनं सांभाळून घ्यायचं. दिवाळीनंतर तुमच्या टोळ्या गेल्या आणि आपल्या वस्तीवरचे फोन एकदम कमी झाले. त्यानं ते बरोबर ओळखलं. पण झोपवायच्या आधी ते माणसाला विचारतं. माझ्या पडद्यावर प्रश्न आला: हंगामात या वस्तीवर कुणी राहतं का? हो किंवा नाही.

मी 'नाही' दाबलं.

त्या दिवशी असे साठ-सत्तर प्रश्न होते. वस्ती रिकामी झाली, असं आपण सगळेच दरवर्षी म्हणतो. माझ्या डोक्यात तेच होतं. आई आठवली नाही असं नाही, आठवली. वाटलं, ती एकटीच तर आहे, आणि मी रोज संध्याकाळी सातला करते तो फोन लागतोच. त्या एआयलाही तेवढंच दिसत होतं. त्यानं संध्याकाळ जागी ठेवली आणि अकरा ते चार झोपवलं.

९ डिसेंबरला, मंगळवारी, एकच्या सुमाराला आईच्या अंगावरून वारं गेलं. शेळ्यांना पाला टाकत होती. म्हाळूकाकांनी तिच्याच फोनवरून १०८ लावला. "लई येळा लावला पोरी, रेंजच न्हाई," ते मला दवाखान्यात सांगत होते. शेजारच्या टॉवरची रेंज डोंगराआड पोचत नाही, हे कंप्युटरला माहीत नव्हतं. म्हाळूकाका बहात्तर वर्षांचे. चालत सडकेपर्यंत गेले, एका मोटारसायकलवाल्याला थांबवून पुढं रेंजमध्ये फोन करायला पाठवलं. १०८ची गाडी वस्तीवर पोचली तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

रेंज नव्हती म्हटल्याबरोबर मला सगळं समजलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "एवढा उशीर का केला?" मी म्हणाले, "फोनची बॅटरी उतरली होती." मग तुलाही तेच सांगितलं. तो फोन तू दिलेला आहे आणि तू हे मनाला लावून घेशील, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. नंतर आलं, तरी गप्प राहिले.

जानेवारीत आमच्या इंजिनिअर जाकीरसाहेबांना सांगितलं, "सर, ते 'नाही' मी दाबलं होतं. तिथं माझी आई होती."

ते म्हणाले, "मशीनला फोन दिसतो, उज्ज्वला. माणूस आहे का ते बघायला तुला बसवलंय."

त्यानंतरच्या रविवारी मी वस्तीवर गेले. म्हाळूकाकांना घेऊन दारोदार फिरले आणि नावं लिहिली. एक्केचाळीस निघाली. सव्वीस म्हातारी माणसं आणि पंधरा लेकरं. छबुबाई दोन नातवंडं घेऊन बसली होती. म्हणाली, "यादी कशाची गं?"

"टॉवरला कळवायचं हाय, तुमी इथंच हायत म्हणून."

"आन् आमी कुठं गेलतो?"

मी यादीत तिचं नाव लिहिलं, खाली दोन्ही नातवंडांची.

२७ जानेवारीपासून आपल्या वस्तीकडचा भाग दिवसभर चालू आहे. मी 'नाही' दाबलेल्या आणखी अकरा वस्त्या आहेत. सुट्टीच्या दिवशी जाते, सहा झाल्या. ऑफिसनं माझ्याकडून लेखी खुलासा घेतलाय. नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.

काल हे सगळं आईला सांगितलं. ती ऐकत राहिली. मी रडले, ती रडली नाही. शेवटी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि दोन-तीनदा काहीतरी म्हणाली. "दादाला सांग," एवढं कळलं.

वहिनीलाही हे वाचून दाखव. फोन देताना चार्जर नीट बांधून तिनंच दिला होता, तीही मनात कुढत असेल.

तू चिडशील. चिड. पण स्वतःवर नको. वाचून झालं की फोन कर. मी उचलून आईच्या कानाला लावीन. माझ्याशी बोलायचं का, ते तू ठरव.

तुझ्याशी खोटं बोललेली तुझी बहीण,
उज्ज्वला