हवापालटाला पाठवलेली सून

बिश्केक, २ जुलै

प्रिय बुरुल,
स. न.
पोचल्याचा निरोप मिळाला, जीव भांड्यात पडला. बाळ पोटातच गेल्यापासून तुला झोप नाही, बोलणं नाही, नुसती भिंतीकडे बघत बसायचीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, औषधाइतकंच गवत, पाणी, मोकळं आकाश हवं. तेव्हा आता सुसामिरच्या कुरणावर पाय पसरून पड, ओढ्याचा आवाज ऐक. कामाला हात लावायचा नाही. गाल लाल होऊन आले नाहीत, तर आईशी, म्हणजे अपाशी, माझं भांडण!
दूर असलो तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा कुबात

सुसामिर, १२ जुलै

कुबात,
नमस्कार वगैरे.
ओढ्याचा आवाज म्हणे! ओढ्यावर मी जाते ती बादल्या घेऊन. पहाटे उठून चूल, मग शिंगरू जवळ बांधून घोडीची धार, आणि तीच धार दर दोन तासांनी, दिवस मावळेपर्यंत. मधल्या वेळात त्याच दुधाचा आंबट कुमिस घुसळा, शेण्या गोळा करा, कणीक मळा. शहरातून तुझे काका-काकू आलेत कुमिस पिऊन ताजंतवानं व्हायला. काकू गवतात लोळत मला विचारतात, इथे मन कसं हलकं होतं, नाही का गं? मी तेव्हा त्यांचाच वाडगा भरत होते. काकांनी मोकळ्या हवेवर भाषण दिलं आणि शेवटी चहा मागितला. डोंगर मी पाहिलाय तो घोडीच्या पोटाखालून! झोप अजूनही नाही. तिथे निदान शांतपणे बघायला भिंत होती.
अपा वाईट नाहीत. पण काल ओढ्याकाठी जरा टेकले, रडू फुटलं, तर त्या गोंधळून म्हणाल्या की कुबातने तर सून मदतीला येतेय असं कळवलं होतं. मदतीला? मला एक सांगितलंस आणि त्यांना दुसरंच? बाळाचंही बोलला नाहीस? शेवटी मीच सांगितलं. खरं लिहिणार असलास तरच उत्तर लिही.
बुरुल

सुसामिर, १५ जुलै

चि. कुबातास,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच.
माझं नातवंड गेलं, आणि ते मला तुझ्या बायकोच्या हुंदक्यांतून कळावं? का, तर सून नुसती बसायला येतेय म्हटलं तर लोक हसतील! आणि मी मेली तिला पहाटे हाका मारत होते.
एवढा शिकलास, पण एवढं कळलं नाही का रे, की सासरच्या कुरणावर सून कधी बसत नाही? मी हाताला धरून बसवलं तरी पाहुणा दिसला की ही उठलीच. म्हणून काल तिला घोड्यावर घातलं आणि घाट ओलांडून तिच्या आईच्या कुरणावर स्वतः पोचवून आले. गवत तेच, पाणी तेच, पण माहेरी आलेल्या लेकीला तिथे कुणी चहाही ओतू देत नाही. आईला बिलगून ती पुष्कळ बोलली. मग तंबूबाहेर गवतातच झोपली. मी निघाले तेव्हा उन्हं उतरली होती, तरी तिला कुणी हलवलं नाही. परतताना वाटभर मी रडत होते.
हे वाचून तिकडे धावशील. खबरदार! ती बोलावेल तेव्हाच जायचं. तोवर शनिवारी दुधाच्या ट्रकने इकडे ये. घोड्या तटतटल्यात, काकांचा चहा खोळंबलाय. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की तू विश्रांतीला येतो आहेस.
तुझ्यावर लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हाती.
तुझी अपा