खळ्यावरचा तंबू

तीर्थरूप आईस, अकोले तालुक्याच्या डोंगरातून लेकीचा नमस्कार.

इथे रेंज नाही, म्हणून पत्र. मी आणि सायकल, दोघीही धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

काल इथल्या एका शेतकरी बाईंनी, रतनबाईंनी, त्यांच्या रानात तंबू ठोकायला फुकट जागा दिली. "तुला आवडंल तिथं ऱ्हा," म्हणाल्या. मी शेणाने सारवलेली, अगदी सपाट जागा निवडली आणि खुंट्या ठोकल्या.

सकाळी माणसं भाताचे भारे घेऊन आली आणि बांधावरच थबकली. ते भात झोडायचं खळं होतं! घरचेही तिथे चपला काढून जातात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई एवढंच म्हणाल्या, "भारं हितंच ठेवा. पोरीला काय ठावं?" मग शेण कालवून भोकं बुजवायला बसल्या. शेणाला नाक मुरडणारी तुझी लेकही बसली. काय मन आहे गं या बाईचं!

खळं वाळेपर्यंत भात खोळंबलाय, आणि दुपारपासून आभाळ आलंय. म्हणून तंबूचं कापड मी भाऱ्यांवर घातलं.

तंबूत एकटी कशी झोपशील, म्हणून तुला घोर होता ना? आज तंबूखाली भात झोपेल. माझं अंथरूण रतनबाईंनी त्यांच्या चुलीपाशी घातलंय.

तुझीच,
संस्कृती