शून्याखाली तीन

अकोला, ३ एप्रिल १९६१

पुन्हा त्रेसष्ट! बर्फाची लेटंट हीट, म्हणजे वितळताना तो ओढून घेतो ती उष्णता, ऐंशी यायला हवी. पुस्तकात ऐंशी आहे, साऱ्या जगाचा बर्फ ऐंशी देतो — आमच्या कॉलेजात त्रेसष्ट. पोरं माझ्याकडे बघून राहिली होती. मी चष्मा पुसला. त्यानं आकडा बदलत नाही, पण तेवढा वेळ जातो.

आमचे विभागप्रमुख भगवंतराव सर दारातूनच म्हणाले, "नागपूरहून परीक्षक येणार. त्यांच्यापुढे हे झालं तर मला माणूस बदलावा लागेल." माणूस म्हणजे मी. डेमॉन्स्ट्रेटर, तात्पुरता. जूनमध्ये पक्का झालो तर इथं खोली घेऊन केशरला वलगावहून आणायचं ठरलंय. लग्नाला वर्ष होत आलं, बायको तिकडे आणि मी खानावळीत. तिकडे विहारात वंदना झाली की बाबा सगळ्यांना सांगतात, आपला देवमन सायन्सचा साहेब झाला. साहेबाला बर्फ वितळवता येत नाही!

४ एप्रिल

थर्मामीटरवर संशय. एकाचा पारा मधेच तुटलेला सापडला. गरम पाण्यात धरून जोडला. इतका आनंद झाला की चपराशी नत्थुजींना चहा पाजला. मग प्रयोग केला — बासष्ट.

६ एप्रिल

पोरं तिरपं बघून वाचत असतील. डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा, हे दाखवायला स्टुलावर चढलो. स्टूल डुगडुगलं. टेबलाच्या खिळ्याला अडकून कोट फाटला. पुन्हा त्रेसष्टच.

७ एप्रिल

सापडलं! थर्मामीटर बर्फात उभा केला. शून्य दाखवायला हवं — शून्याखाली तीन! दुसरा घेतला, तोही तीन. होते नव्हते तेवढे काढले, सगळे तसेच. उकळत्या पाण्यात मात्र सगळे नव्व्याण्णवावर, अकोल्याच्या उंचीला तेच ठीक. मी जाहीर केलं, नळ्याच खालच्या बाजूला सदोष आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी डकवली — "तीन मिळवा." सर खूश. "डोकं आहे तुम्हाला," म्हणाले. दिवसभर ते वाक्य चघळत हिंडलो.

८ एप्रिल

तीन मिळवून प्रयोग केला. साठ. मी सुधारलं की आणखी बिघडतं.

१० एप्रिल

ऊन असं की टेबलाला हात लावता येत नाही. पोरं गेल्यावर उरलेला बर्फाचा एक खडा तोंडात टाकला. लगेच थुंकला. खारट!

नत्थुजींना विचारलं, बर्फ कुठून आणता?

"कुल्फीवाल्याच्या पेटीतून, सर. लगनसराईत कारखान्यात कुठं भेटते?"

कुल्फी जमायला बर्फात खडे मीठ घालतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मिठानं बर्फ शून्याखाली जातो, हे तर मीच मागच्या महिन्यात फळ्यावर लिहून दिलं. वर चिकटलेल्या खाऱ्या पाण्याचं वजनही बर्फातच धरलं जातं, म्हणून आकडा कमी. निदान धुऊन का नाही आणला?

"तुमीच तं म्हणाले, वितळू देऊ नका."

म्हणजे बर्फ खरा की खोटा ते थर्मामीटरनं बघायचं, थर्मामीटर खरा की खोटा ते त्याच बर्फानं — आणि वर चिठ्ठ्या! धन्य ते बी.एस्सी.

११ एप्रिल

खटपट करून कारखान्यातली लादी आणवली. फोडून, धुऊन, पुसून प्रयोग. एकोणऐंशी! थर्मामीटर शून्यावर. नखानं चिठ्ठ्या खरवडत बसलो, स्वतःशीच हसत.

नत्थुजी म्हणाले, "इंदूबाईच्या टायमालेही कुल्फीचाच बरफ होता, सर."

कोण इंदूबाई? तर माझ्या आधीच्या डेमॉन्स्ट्रेटर, मूर्तिजापूरच्या. "त्याईलेही तेसठच ये. सर म्हणे, ऐंशी लिहा. बाई म्हणे, जे आलं तेच लिहीन. मंग काढलं त्याईले."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, ही जागा रिकामी कशी झाली. हसू गेलं.

१२ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. बाईंचंही. सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. म्हणाले, "परीक्षेला बर्फ नीट आणा, म्हणजे झालं. बाईंना परत घेतलं तर तुमची जागा उरत नाही. जूनमध्ये तुम्हाला पक्कं करतो."

मी म्हणालो, "बरं, सर." इतक्या पटकन म्हणालो की माझी मलाच लाज वाटली. त्या बाईनं त्रेसष्ट आले तर त्रेसष्ट लिहिले. मी तीन मिळवा म्हणून चिठ्ठ्या डकवल्या, आणि डोकं मला आहे!

१३ एप्रिल

सकाळीच प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. इंदूबाईंना परत बोलावताहेत. जागा एकच आहे.

उद्या जयंती, वलगावला जायचंय. केशर विचारेल, खोली बघितली का.