साहेब काय म्हणाले

गुडगाव, नोव्हेंबर १९९८

आई, तुला देविकाचा नमस्कार.

मी बरी आहे. आमचं प्रशिक्षण नव्याकोऱ्या हॉटेलात आहे आणि जेवण चांगलं असतं. तुझे गुडघे कसे आहेत? अर्णव आईची आठवण काढून रडत नाही ना?

आज सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार शिकवताना आम्हा डॉक्टरांसमोर आठ वर्षांच्या शिवांगीला उभं केलं. तज्ज्ञ इंग्रजीत म्हणाले, "फुप्फुसं गेलीत. फार तर वर्षभर जगेल."

तिच्या आईला इंग्रजी कळत नाही. तिनं हसून मला विचारलं, "साहब क्या बोले?"

मी म्हटलं, "तबीयत सुधर रही है."

शिवांगी इंग्रजी शाळेत जाते. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आईचा हात धरून म्हणाली, "हाँ मम्मी, यही बोले."

हे पत्र मिळेल त्या रात्री माझ्या अर्णवला तुझ्याजवळच झोपव.

तुझी,
देविका