गुडघ्यातला दुसरा दोर

१२ जानेवारी
टच्च! – पाटीवरची पेन्सिल मोडायची, तो आवाज. चौथीत कविता चालीवर म्हणता म्हणता माझा हात इतका दाबला जायचा की पेन्सिलीचे दोन तुकडे. पुढे जन्मभर ऐकला नाही. गेल्या श्रावणात एका दुपारी डोळा लागला होता, तेव्हा तोच आवाज आतल्या खोलीतून आला. हिला विचारलं. "काय न्हाई. झोपा की."

आज पुन्हा आठवला. नातीचा गुडघा पुन्हा सटकला – साधा जिना उतरताना! संयोगिता कबड्डी खेळते. आईबाप पठाणकोटला छावणीत, म्हणून ती इथे कोरेगावात आमच्याजवळ. जूनमध्ये तिच्या गुडघ्यात नवा दोर घातला होता. डॉक्टर लिगामेंट म्हणतात, मला दोरच बरा वाटतो. तोही गेला?

१९ जानेवारी
मिरजेचे नवे डॉक्टर. फिल्म उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाले, "पहिल्या डॉक्टरांचं काम चोख आहे. हाडातली भोकं बरोबर जागी, स्क्रू हललेला नाही. मग दोर तुटला का? ते कळल्याशिवाय दुसरा घालायला हात धजत नाही. पडलीस? घाईनं मैदानात उतरलीस? कुणी पाय ओढला?"

"न्हाई." पण त्याआधी तिनं आजीकडे पाहिलं. हिनं पदर सारखा केला.

मी आवाजाचं सांगितलं. मुलगा दिग्विजय सुट्टीवर आलाय, तो हसला – "डॉक्टरसाब, आप्पांना मालगाडीच्या शिट्टीतबी कविता ऐकू येती!" सगळे हसले. डॉक्टर नाही.

२४ जानेवारी
सीटी स्कॅन आला. जुनी भोकं फार रुंदावली असती तर आधी त्यात हाड भरायचं, सहा महिने थांबायचं, मग दोर. तेवढी वेळ आलेली नाही, एकाच खेपेत होईल. मांडीमागचा बंध मागच्या वेळी वापरून झाला, म्हणून आता गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी काढून तिचा दोर करणार. गुडघ्याला बाहेरून आणखी एक आधार.

"भरतीचं ग्राउंड मारता यील न्हवं?" तिचं एकच. पोलिसात जायचंय.

"आधी नीट चाल, पोरी. हाही तुटला तर तिसऱ्या खेपेचा शब्द मी देणार नाही."

परतताना गाडीत मी मनात एक जुनी कविता घोळवत होतो. अर्ध्यावर शब्दच हरवले. असं कधी होत नाही!

३ फेब्रुवारी
झालं ऑपरेशन. दिग्विजय परवा ड्यूटीवर.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांनी बजावलंय – फिजिओच्या बाईंशिवाय पायाला कुणी हात लावायचा नाही. वाकायला वेळ लागतो, लागू द्या. नवा दोर हाडात मुरायला महिने जातात.

ही ऐकते, आणि पोरगी झोपली की मला म्हणते, "लाकडावानी झालाय पाय. लंगडी पोर कोण करून घील?" हल्ली परसात जाऊन फोनवर हळू बोलते. मी दिसलो की, "रिचार्ज संपला वाटतं." रिचार्ज मीच परवा मारलाय!

२७ फेब्रुवारी
दुपारी झोपायचं नाही असं ठरवलंय. का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

३ मार्च
दुपारी कडी वाजली. "ऱ्हाऊ द्या, मी बघती," ही लगबगीनं उठली. पण दाराशी मीच जवळ होतो.

नाथाजी! तालमीतला मालिशवाला. बगलेत तेलाची बाटली, बाह्या सरसावलेल्या.

"आवं आप्पा, जागं हाय व्हय आज? काकींचा फोन आला, पोरीचा गुडगा परत आखडलाय म्हणं. काय काळजी करू नगा. श्रावणात तुमी झोपला व्हता, तवा बी असाच लाकूड झाल्ता. एकच हिसका दिला – टच्च वाजला, न् मोकळा!"