एकसारख्या कामट्या

तीर्थपुरी,
मंगळवार

प्रिय सालेहा,

रविवारी तू निजामाबादहून फोन केलास आणि विचारलंस, अब्बांना काय झालंय, तुला काही कळलं का? गुरुवारपासून ते कोणाशी बोलत नाहीत, दुकानात ताडपत्री पुढ्यात घेऊन नुसते बसतात, नोमान जवळ गेला की भिंतीकडे तोंड करतात, असं तू सांगत होतीस. मी म्हणाले, मला काय माहीत, वय झालं आता त्यांचं. सालेहा, मी खोटं बोलले. गुरुवारी दुपारी वडीगोद्रीच्या दुकानात त्यांच्यासमोर मीच बसले होते. त्यांचं बोलणं माझ्यामुळे बंद झालंय. फोनवर हे सांगायची छाती झाली नाही, म्हणून कागद घेतला. सगळं क्रमानं सांगते. वाचता वाचता माझा राग येईल, तो येऊ दे, पण पत्र मध्येच टाकून देऊ नकोस.

माझा नाद तुला माहीतच आहे. माझ्या वयाच्या बायका मोबाइलवर साड्या नाहीतर भजनं बघतात, मी स्पेनमधले बाण बघते. लॉकडाऊनमध्ये पोरांना शिकवायचे व्हिडिओ शोधता शोधता एक समोर आला आणि मी त्यातच अडकले. तिकडे खेड्याखेड्यांत जत्रा असते. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन गावातून फिरवतात आणि पुढे एक माणूस दारूचे बाण सोडत चालतो. बाटलीत बिटलीत ठेवून नाही. काडी दोन बोटांत सैल धरतो, हात लांब करतो, तोंडातल्या चिरूटानं वात पेटवतो आणि बाणानं ओढ घेतली की बोटं उघडतो. त्याला ते कोएते म्हणतात. रंग नाही, चांदण्या नाहीत, वर जाऊन एकच बार. पहाटे बार झाला की जत्रा लागली, तीन झाले की मूर्ती देवळातून निघाली, शेतातला माणूससुद्धा तेवढ्यावरून ओळखतो. कोणत्या गावात काडी बोरूची, कोणत्या गावात चिरलेल्या लाकडाची, याची मी वही केलीय. आमचे हे म्हणतात, बाईंना अंबडला कोणती गाडी जाते ते सांगता येत नाही, पण स्पेनच्या जत्रा तिथीवार पाठ. तुला मी तीसेक व्हिडिओ तरी पाठवले असतील आणि तू प्रत्येकाला एकेक अंगठा पाठवलास. नादाचं खरं कारण तुला कधी सांगितलं नाही. तो माणूस हात लांब करतो ना, तिथे मला तुझे अब्बा, माझे चाचा दिसतात.

आपल्या जत्रेत पालखी निघाली की पहिला बाण चाचांचा, आणि तोही हातातूनच सुटायचा. चांदपाशाचा बाण वाकडा गेला असं म्हणणारा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सगळ्या बाणांच्या दारूचा मसाला नोमानला एकट्याला भरू दिला, आणि बाण सोडायलाही त्यालाच सांगितलं. बावीस वर्षांचा तुझा भाऊ आठ दिवस नुसता हवेत होता. शेतातल्या खोपीत तो नळ्या भरायचा, चाचा बांबूच्या कामट्या बांधायचे, आणि आपल्या दोघींना तिथे पाय ठेवायची बंदी. दिवेलागणीला पालखी निघाली. नोमाननं सोडलेले पहिले तीन बाण सरळ गेले. चौथा वळून कडब्याच्या गंजीवर पडला. लोक तिकडे धावले, वाजंत्री वाजतच होती, कोणीतरी ओरडलं, थांबायचं न्हाई, पालखी थांबायची न्हाई. पाचवा वर गेला, उलटला आणि जिथून सुटला तिथेच परत आला. बाकीचं तुला मी काय सांगू. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले नोमानचा डावा डोळा गेला, तेव्हा बाहेरच्या बाकावर तू माझ्या मांडीत डोकं घालून रडत होतीस आणि मी तुला थोपटत होते. मी थोपटत होते, सालेहा.

पुढच्या आठवड्यात चाचा पारावर सगळ्या गावासमोर उभे राहिले आणि म्हणाले, मसाल्यात माझाच हात चुकला. नोमानचं नाव घेतलं नाही. जत्रा कमिटीचे अध्यक्ष माझे वडील, रामराव. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि घरी येऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत. चाचांनी त्यानंतर बाणाला हात लावला नाही. महिन्याभरात तुम्ही गाव सोडलं आणि ज्या हातांनी बाण बांधले ते हात हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागले. सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तुमच्या घराबद्दल हळहळत आले, ईदला शिरखुर्मा खायला येत आले, आणि आपण किती माणुसकी जपली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आले.

आता नऊ दिवसांपूर्वीच्या रविवारचं ऐक. एवढ्या वर्षांत मी बाण सुटताना हजार वेळा पाहिला होता, बनताना एकदाही नाही. तिकडची म्हातारी माणसं ते सहसा दाखवत नाहीत. त्या दिवशी दुपारी तांदूळ निवडत बसले होते आणि तसा एक व्हिडिओ सापडला. पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा भरलेल्या नळीला काडी बांधतो. मग नळीच्या तोंडाखाली बोटभर अंतरावर आपलं बोट लावतो आणि बाण त्यावर आडवा तोलून बघतो. काडीकडे झुकला तर टोक जरासं कापतो, पुन्हा तोलतो. स्थिर राहिला की बाजूला ठेवतो आणि दुसरा घेतो. खाली हिंदीत अक्षरं येत होती. प्रत्येक नळीचं वजन वेगळं, प्रत्येक काडी वेगळी, म्हणून प्रत्येकीची लांबीही वेगळी, असं तो सांगत होता. काडी आखूड पडली तर बाणाला दिशा राहत नाही, तो सोडणाऱ्याकडेच परत येतो. मग त्यानं आपला तयार ढीग दाखवला. सगळ्या काड्यांची टोकं वरखाली होती. माझ्या हातातलं ताट खाली पडलं, घरभर तांदूळ झाले, आणि मी ते तसेच टाकून बसून राहिले.

ती वरखाली टोकं मी पूर्वी पाहिली होती. जत्रेच्या आदल्या दुपारी बाण आमच्या ओसरीवर आणून ठेवायचे, सकाळी त्यांची पूजा व्हायची म्हणून. त्या वर्षी चाळीस बाण होते. पूजेला बाहेरगावचे पाहुणे येणार होते, मी रांगोळी काढली, झेंडूच्या माळा केल्या, आणि त्या कामट्या बघून मला कसंतरी झालं. एक वीतभर लांब, एक चार बोटं आखूड. घाईत तशाच राहिल्या असतील असं वाटलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मला पापडसुद्धा एका मापाचे लागतात. मी सुपारीचा अडकित्ता घेतला, सगळ्यांत आखूड कामटी मापाला धरली आणि बाकीच्या एकोणचाळीस तिच्याएवढ्या करून टाकल्या. तुकडे चुलीत घातले. मग माळांनी असे मढवले की बघत राहावं. संध्याकाळी वडील म्हणाले, पोरीच्या हाताला वळण हाय. तेव्हा किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं आणि आता त्याची किळस येते. दुसऱ्या दिवशी चाचा देवळामागे शोभेच्या दारूचे नळे मांडण्यात गुंतले होते, बाण आमच्या घरून थेट नोमानच्या हातात गेले, आणि उरलेले त्याच रात्री लोकांनी विहिरीत टाकून दिले. मी ही गोष्ट कोणापासून लपवली नाही गं. लपवण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. कामटी म्हणजे धरायचा दांडा, एवढीच माझी अक्कल.

तीन दिवस मी शाळेत गेले, शिकवलं, घरी आले. काय शिकवलं ते आठवत नाही. आयुष्यभर पोरांच्या मागे लागले, समास सरळ आखा, अक्षर एका उंचीचं काढा, आणि आता त्या वह्या तपासायला हात उचलत नव्हता. कधी वाटायचं, हा म्हातारा दुसऱ्या देशातला, त्याचं शास्त्र आपल्या बाणांना कशाला लागू पडेल. पण पहिले तीन सरळ का गेले याचं उत्तर मला मिळालं होतं. ते मुळातच आखूड कामटीचे असणार, माझ्या अडकित्त्यानं जेमतेम नखभर कापलेले. ज्यांचं मी जास्त कापलं ते वळले. चाचांना सांगायचं ठरवलं तेव्हा मला उगीचच एक आशा होती. वाटलं, ते ऐकून आधी रागावतील, मला हाकलून देतील, पण नंतर त्यांच्या मनावरचा भार तरी उतरेल. आपला हात चुकला नव्हता हे मरणाआधी कळलं तर माणसाला बरंच वाटेल की.

नोमान ताडपत्री पोचवायला अंबडला गेला होता. चाचा एकटेच होते. मी आधी त्यांना व्हिडिओ दाखवला. तो म्हातारा बोटावर बाण तोलायला लागला तसा त्यांचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू. बराबर करून राह्यला बुढ्ढा, बिलकुल बराबर, असं म्हणत त्यांनी तीनदा बघितला. चौथ्यांदा लाव म्हणाले तेव्हा मी मोबाइल बंद केला आणि सांगून टाकलं. किती कापल्त्या, एवढंच त्यांनी विचारलं. मी हातानं दाखवलं. पुन्हा दाखव म्हणाले. पुन्हा दाखवलं. मग माझ्या हाताकडे बघतच ते अगदी हळू म्हणाले, म्हंजे पोराचं काईच चुकल्तं न्हाई.

मला आधी कळेचना. पारावर तर त्यांनी आपला हात चुकला म्हणून सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. गावासमोर खोटं बोललो, म्हणाले, पोराला गावानं नाव ठेवू नये म्हणून. मनात मातर पक्कं होतं, मसाला त्यानं भरल्ता, चूक त्याचीच. दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधलेली असताना मी त्याच्या कानात बोल्लो, तुझ्या हातात बरकत न्हाई, आजपासून कशाला हात लावू नको. त्यानं मान हलवली. त्यानंतर सत्तावीस साल झाले, त्यानं मला एकदाबी विचारलं न्हाई आन मी त्याच्याशी कामापुरतं सोडून बोल्लो न्हाई. हे सांगताना ते रडले नाहीत, सालेहा. नुसती सुई हातात फिरवत होते आणि ती बोटाला टोचत होती ते त्यांना कळत नव्हतं. तुमच्या घरात बापलेक एका ताडपत्रीच्या दोन टोकांना बसून शिवतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत कितीदा पाहिलं असेल. मला वाटायचं, चाचांचा स्वभावच अबोल. भार उतरवायला गेले होते मी, आणि त्यांच्यावर दुप्पट टाकून आले. माझी चूक एका दुपारची होती, तिच्या भरवशावर त्यांनी आपल्या पोराशी जे केलं ते आता त्यांना दिसलंय, आणि ते बघून त्यांची वाचाच बसलीय.

मी निघाले तेव्हा ते काठी टेकत स्टॉपपर्यंत मागे आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार न्हाई, पुष्पे. तू लिही. सगळं लिही, मी दवाखान्यात काय बोल्लो तेबी लिही. सालेहाला बोलवून घे. ती मोठ्यानं वाचंल, मी बाजूला बसंन. म्हणून हे पत्र. ते तुझ्या नावानं असलं तरी तुझ्या एकटीसाठी नाही. मिळालं की निघ, उद्या नको, आजच. वडीगोद्रीला दोघांना समोरासमोर बसव, पहिल्या ओळीपासून वाच, आणि माझ्यावर दया करून एकही ओळ गाळू नकोस. मी तीर्थपुरीत फोनजवळ बसून आहे, नोमाननं बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर त्याचा तो हक्क आहे. इथवर आलीस की जरा थांब, आणि पुढचं त्याच्याकडे बघून वाच. नोमानभाई, मी पुष्पा. कामट्या मी कापल्या होत्या. तू मसाला बराबर भरला होतास, चाळीसच्या चाळीस.

तुझीच,
पुष्पा